गॅसचा अलार्म वाजतो, गळती मात्र सापडत नाही: जुन्या कॅम्पर व्हॅनचं दुखणं

जुनी कॅम्पर व्हॅन घेतलेल्यांची ही तक्रार ठरलेली असते. रात्री दोन-अडीचला गॅसचा अलार्म बोंबलायला लागतो. सिलिंडर बंद करून दारं उघडली की पाच-दहा मिनिटांत गप्प. सकाळी गॅसवाला साबणाचं पाणी लावून बघतो, एक बुडबुडा येत नाही. खबरदारी म्हणून नळी बदलली जाते, मग रेग्युलेटर. चार दिवसांनी परत तेच. शेवटी कुणीतरी शहाणा सांगतो, "सेन्सर गेलाय, वायर उपटून टाक."

वायर उपटू नका. त्याआधी एकच गोष्ट आठवून बघा: अलार्म वाजतो तेव्हा गाडी घरच्या विजेवर लावलेली असते का?

जुळे सोलापुरातल्या माझ्या एका मित्राची गाडी हे याचं चांगलं उदाहरण. टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली व्हॅन, आत दोन बर्नरची शेगडी, बारा व्होल्टचा फ्रिज, सीटखाली बॅटरी, घरगुती इन्व्हर्टर आणि छतावर सोलर. गॅसची सगळी जोडणी दोनदा तपासून झाली होती. तुळजापूर, गाणगापूर, कोकण, कुठंही मुक्कामाला गेली की अलार्म मुकाट असायचा, आणि शेगडी तर तिथंच जास्त पेटायची. घरासमोर उभी केली, खिडकीतून वायर ओढून चार्जिंगला लावली, की दुसऱ्या-तिसऱ्या रात्री बोंब. गॅस वापरतोय तेव्हा गप्प आणि वापरत नाही तेव्हा ओरडतो, म्हणजे ही खरंच गळती आहे का, अशी शंका घ्यायला जागा आहे. पण शंका घ्यायचीही एक पद्धत असते.

आधी गॅसच आहे असं धरा

अलार्म वाजला की कुठलंही बटण चालू करायचं नाही आणि बंदही करायचं नाही. एक्झॉस्ट फॅन लावायचा मोह होतो, तो तर अजिबात नको, कारण ठिणगी तिथंच पडते. इंजिन सुरू करून गाडी हलवायची नाही. सिलिंडरचा नॉब बंद, दारं उघडी, सगळे बाहेर. घरातून वीज दिलेली असेल तर ती घरातल्या बोर्डवरून बंद करा, गाडीतला प्लग ओढू नका. वास जात नसेल तर १९०६ हा एलपीजी गळतीसाठीचा मदत क्रमांक आहे.

आपल्याकडचा एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. हवेपेक्षा प्रोपेन साधारण दीडपट जड आणि ब्युटेन दुप्पट, त्यामुळे गळलेला गॅस पाण्यासारखा तळाशी साचतो. हवेत त्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेलं की पेट घेण्याइतकं मिश्रण तयार होतं. म्हणूनच सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोकं ठेवलेली असतात, गॅस खाली निघून जावा म्हणून. जुन्या गाडीत ही भोकं शाबूत आहेत का, ते टॉर्च घेऊन खालून बघा. आपल्याकडं रस्त्याची धूळ आत येते म्हणून आधीच्या मालकानं सिलिकॉन भरून किंवा मॅट अंथरून ती बुजवलेली असण्याची शक्यता बरीच असते. गाडी कित्येक महिने उभी असेल तर कुंभारीण माशीचं मातीचं घर भोकात, बर्नरच्या नळीत, कुठंही सापडेल. शेगडीची ज्योत पिवळी आणि आळशी जळत असेल तर जेटला हात लावण्याआधी ती नळी साफ करा.

साबणाचं पाणी लावताना फक्त नळीची दोन टोकं बघून समाधान मानू नका. रेग्युलेटर सिलिंडरवर बसतो तिथं आत एक रबरी ओ-रिंग असते, ती चिरली की तिथूनच गळती होते. शेगडीच्या नॉबची दांडी, तांब्याच्या पाइपचा प्रत्येक जोड, आणि पाइप पार्टिशनमधून जातो ती जागा. तिथं रबराची बुशिंग नसेल तर पत्र्याच्या कडेला घासून पाइप झिजतो. सुरक्षा होजवर छापलेली तारीख वाचा. पाच वर्षांपुढची नळी दिसायला कितीही चांगली असली तरी बदलायची. काडी पेटवून गळती शोधणारे महाभाग अजून आहेत. त्यांना गाडीजवळ फिरकू देऊ नका.

साबणाला बारीक गळती चुकते. त्यासाठी पारदर्शक नळीचा यू आकार करून त्यात पाणी भरायचं आणि एक टोक शेगडीच्या जेटला किंवा टी-जोडाला घट्ट बसवायचं. घरगुती रेग्युलेटर साधारण ३० मिलिबार दाब देतो, म्हणजे दोन्ही बाजूंच्या पाण्यात जवळपास ३०० मिलिमीटरचा फरक दिसतो. बर्नर बंद असताना तो थोडा जास्तही दिसेल, म्हणून नळी लांब घ्या. आता रेग्युलेटर बंद करा आणि दहा मिनिटं नुसते बसा. पाणी जागचं हललं नाही तर रेग्युलेटरपासून शेगडीपर्यंतची लाइन धड आहे. या चाचणीत सिलिंडरच्या तोंडावरची ओ-रिंग मात्र कळत नाही, तिथं साबणच लागतो. हे काम सवय नसेल तर गॅसवाल्याकडून करून घ्या, पण समोर उभं राहून.

मित्राच्या गाडीत पाणी तसूभर हललं नाही.

त्यानंतरची परीक्षा सोपी. सिलिंडर काढून गाडीबाहेर, मोकळ्या जागेत ठेवा. बाकी सगळं नेहमीसारखं, वीजही लावलेली. दोन-तीन रात्री अशा जाऊ द्या, गाडीत कुणी झोपू नका. सिलिंडरच नसताना अलार्म वाजला तर गॅसचा विषय संपला. आणि मित्राच्या गाडीत तो वाजला.

अलार्मला नेमकं काय कळतं

या अलार्ममधला साधा सेन्सर तापलेल्या टिन ऑक्साइडचा असतो. जळू शकणारी कुठलीही वाफ पोचली की त्याचा रोध बदलतो. एलपीजी, दारू, सॅनिटायझर, थिनर, हायड्रोजन, त्याच्या लेखी सगळे सारखेच. डिओच्या डब्यात तर फवारा उडवणारा वायू म्हणून बहुतेक वेळा प्रोपेन-ब्युटेनच असतो, त्यामुळे तिथं अलार्म चुकत नाही, तो खरंच एलपीजी हुंगतो. सिलिकॉनच्या वाफेनं हा सेन्सर कायमचा बधिरही होऊ शकतो. गाडीत नुकतंच सिलिकॉन मारलं असेल आणि त्यानंतर अलार्म शांत झाला असेल तर खूश होऊ नका.

आपल्या प्रकरणात महत्त्वाचा आहे हायड्रोजन. लेड-अ‍ॅसिड बॅटरी भरत आली की जादाचा करंट पाण्याचं विघटन करतो, त्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघतात. बॅटरी सीटखाली आणि अलार्म त्याच सीटच्या फळीवर, हातभर अंतरावर. हायड्रोजन हलका असल्यामुळे वर चढतो, आणि वर चढताना वाटेत अलार्म लागतो. त्यात बॅटरी खूपच जास्त चार्ज होत असेल तर हायड्रोजन सल्फाइडही निघतो, ज्याला सडक्या अंड्याचा वास येतो. एलपीजीत वासासाठी मिसळलेल्या मर्कॅप्टनचा वासही त्याच जातकुळीतला. म्हणून माणूस छातीठोकपणे सांगतो, "मला गॅसचा वास आला," आणि बिचारा खोटंही बोलत नसतो.

हे कळलं म्हणून निर्धास्त होण्यासारखं यात काही नाही. हायड्रोजन हवेत चार टक्के झाला की पेट घेतो. हायड्रोजन सल्फाइड विषारी आहे, आणि प्रमाण वाढलं की नाक मरतं, वासच येईनासा होतो. म्हणजे "गॅस नाही, बॅटरी आहे" हे निदान झालं तरी त्या गाडीत त्या रात्री झोपायचं नाही.

बॅटरी का उकळते

इथं सोलापूरचा संबंध येतो. चार्जरचे व्होल्टचे आकडे २५ अंश तापमान धरून दिलेले असतात. लेड-अ‍ॅसिडला दर अंशामागं एका सेलला ३ ते ५ मिलिव्होल्ट कमी लागतात. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल, म्हणजे अंशाला १८ ते ३० मिलिव्होल्ट. मे महिन्यात पारा ४२-४३ वर, गाडी दिवसभर उन्हात, सीटखालचा बंद कप्पा सहज ४५ च्या घरात. २५ पेक्षा २० अंश वर, म्हणजे ०.३६ ते ०.६ व्होल्ट कमी द्यायला हवेत. १४.४ च्या जागी १३.८ ते १४. चार्जरला तापमानाचा सेन्सर नसेल तर तो बिनदिक्कत १४.४ देत राहतो आणि आत बॅटरी खदखदते. ज्या गाडीला पुण्यात काही त्रास नव्हता, त्याच गाडीला आपल्याकडं का होतो, याचं उत्तर बऱ्याचदा एवढंच असतं. विकणारा फसवत होता असं लगेच धरू नका.

दुसरं कारण इन्व्हर्टरच्या पाठीवरच्या छोट्या बटणात असतं. घरगुती इन्व्हर्टरला बॅटरीचा प्रकार निवडायचं बटण येतं: ट्युब्युलर, फ्लॅट, एसएमएफ (म्हणजे बंद, मेंटेनन्स-फ्री). मूळ बॅटरी ट्युब्युलर असते, नंतर कुणीतरी मेंटेनन्स-फ्री टाकतो आणि बटण तसंच राहतं. एसएमएफला लागतं त्यापेक्षा जास्त व्होल्ट रोज रात्री मिळत राहतात. या बॅटरीत पाणी घालता येत नाही, ती सुकते आणि कुशीला फुगते. बॅटरीचा डबा बाजूनं फुगलेला दिसला तर मीटर लावत बसू नका, ती बदला.

तिसरं कारण, आणि मित्राच्या गाडीत हेच निघालं, एक मेलेला सेल. सहापैकी एक सेल बसला की बॅटरी कधी पूर्ण भरलीच जात नाही. चार्जरला वाटतं अजून भूक आहे, तो रात्रभर वाढतच राहतो, आणि उरलेले पाच चांगले सेल उकळतात. प्रवासात हे होत नव्हतं, कारण तिथं फ्रिज आणि दिवे बॅटरीतून खात होते आणि चार्जिंग फक्त दिवसा, सोलरवर.

ओळखायचं कसं? पाण्याची बॅटरी असेल तर हायड्रोमीटर, म्हणजे आतल्या पाण्याची घनता मोजणारी नळी घ्या, स्वस्तात मिळतो. चार्जिंग बंद करून बॅटरी काही तास शांत ठेवा, मग प्रत्येक सेल मोजा. आकडा किती आहे यापेक्षा सगळे सारखे आहेत का, ते बघायचं. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० किंवा जास्त मागे असेल तर तोच आजारी. हातात मोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, ते अ‍ॅसिड आहे. बंद बॅटरी असेल तर मल्टीमीटरवर भागवावं लागतं: शांत असताना १२.७ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. रात्रभर चार्ज करून सकाळी काढल्यावर तासा-दोन तासांतच १२.२ च्या खाली घसरत असेल आणि हाताला गरम लागत असेल तर निकाल लागला.

चार्जिंग चालू असताना बॅटरीच्या टर्मिनलवरचा आकडाही लिहून ठेवा, एकदा संध्याकाळी, एकदा पहाटे. पहाटे तो १३.५ ते १३.८ वर उतरलेला हवा, उन्हाळ्यात त्याहूनही थोडा कमी. रात्रभर १४.४ लाच चिकटून बसला असेल तर चार्जर तरी चुकतोय किंवा बॅटरी तरी.

बॅटरी बदलली तरी जागा बदलायचं टाळू नका. बॅटरीच्या कप्प्याला वरच्या बाजूनं बाहेर जाणारा व्हेंट हवा आणि सिलिंडरच्या कप्प्याला खालच्या बाजूनं. दोन्ही एकाच कप्प्यात असतील तर बाकीचं काहीही करण्याआधी त्यांना वेगळं करा. रिले आणि इन्व्हर्टर ठिणग्या टाकणारी यंत्रं आहेत, त्यांना गॅसच्या शेजारी बसवणं हा गाडी बांधणाऱ्याचा आळस आहे. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी टाकली तर हायड्रोजनची कटकट जाते हे खरं, पण चार्जर आणि सोलर कंट्रोलर दोन्ही तिच्या सेटिंगवर आणावे लागतात, आणि बंद गाडी उन्हात फार तापली की तिचा बीएमएस (बॅटरी सांभाळणारं आतलं सर्किट) चार्जिंगच थांबवतो. मग नवीन तक्रार सुरू होते.

लांब भोंगा नव्हे, मधूनमधून टिक्‌टिक्

हा वेगळा आजार आहे आणि लोक दोन्ही एकत्र करतात. मिनिटा-मिनिटाला एक छोटी टिक् येत असेल तर अलार्म बहुतेक "मला व्होल्ट कमी पडतात" किंवा "माझं आयुष्य संपलं" असं सांगतोय. बॅटरीवर १२.५ दिसतात, मग कमी कसे? अलार्मच्याच दोन वायरींवर मोजा, तेही फ्रिज सुरू होत असताना.

एक हिशोब करून दाखवतो. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला साधारण १२ मिलिओहम. बॅटरीपासून फ्रिज सहा मीटर, म्हणजे जाऊन-येऊन बारा मीटर, एकूण ०.१४५ ओहम. फ्रिजनं ५ अँपिअर घेतले की ०.७ व्होल्ट वायरीतच गेले. १२.२ ची बॅटरी फ्रिजला ११.५ दिसते, आणि कॉम्प्रेसर सुरू होताना घेतो तो झटका वेगळाच. अशा बऱ्याच फ्रिजचा कॉम्प्रेसर १०.४ व्होल्टला बंद पडतो आणि ११.७ पर्यंत परत चढल्याशिवाय सुरू होत नाही. म्हणून "फ्रिज रात्री आपोआप बंद पडतो, सकाळी ऊन आलं की चालू होतो" ही तक्रार फ्रिजची नसून वायरीची असते. तीच वायर चार चौरस मिलिमीटरची केली की वायरीत जाणारे व्होल्ट ०.३ च्या आत येतात. तांब्याच्या नावाखाली तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर टाकलेली असते, तिचं टोक चाकूनं खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर बाद.

वायर जाड असूनही व्होल्ट पडत असतील तर दोष बॉडी अर्थचा, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या मायनसला परत जाणाऱ्या जोडाचा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं उपकरणाच्या मायनसला, उपकरण चालू. इथं ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर जोड गंजलाय किंवा सैल आहे. बोल्ट काढून पत्रा चकाकेपर्यंत घासा, वायरीच्या टोकाचं थिंबल (धातूचं कडं) नवीन दाबून बसवा, वर ग्रीस लावा. नुसतं टेप गुंडाळणाऱ्याला पैसे देऊ नका.

याच रोगाची आणखी दोन गॅसची नाटकं आहेत. परदेशी बनावटीचा तीन पद्धतींवर (गॅस, बारा व्होल्ट, घरची वीज) चालणारा फ्रिज गॅसवर चालवला तरी त्याच्या कंट्रोल बोर्डाला बारा व्होल्ट लागतात. व्होल्ट पडले की बोर्ड गॅसचा व्हॉल्व्ह बंद करतो आणि माणूस रेग्युलेटर बदलत बसतो. असा फ्रिज गाडी तिरकी उभी असेल तरी नीट गार करत नाही, हेही लक्षात ठेवा. दुसरं, शेगडीची ज्योत पेटते आणि नॉब सोडला की विझते. तिथं वीज म्हणजे थर्मोकपलची (ज्योतीत तापून गॅसचा व्हॉल्व्ह उघडा धरणाऱ्या सळईची) काही मिलिव्होल्ट एवढीच. काजळी पुसा, मागचा नट हातानं आवळून पावकी वळण द्या, टोक ज्योतीत येतंय का बघा. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.

गॅस गिझरबद्दल माझं मत सरळ आहे: व्हॅनमध्ये असेल तर काढून टाका. बंद जागेत ज्योत जळाली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो आणि त्यासाठी एलपीजीच्या अलार्मवर भरवसा ठेवता येत नाही. त्यासाठी वेगळा सेन्सर लागतो, तोही झोपण्याच्या उंचीवर.

घरच्या विजेची वायर

खिडकीतून ओढलेल्या वायरीत बहुतेक वेळा अर्थिंगच नसतं, दोनच तारा असतात. गाडीच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात त्या याच कारणानं. तीन तारांची वायर घ्या, गुंडाळी पूर्ण सोडा कारण गुंडाळलेली वायर लोडवर तापते, आणि गाडीत शिरते तिथं ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. ती सारखी ट्रिप होत असेल तर बायपास करायचं नाही. एकेक उपकरण काढत जा. पाणी तापवायची कॉइल बहुधा पहिली सापडते. तीही नसेल तर इन्व्हर्टरमध्ये न्यूट्रल आणि अर्थ आतून जोडलेत का, ते वायरमनकडून बघून घ्या. बॅटरीपासून इन्व्हर्टरला जाणाऱ्या जाड केबलवर, बॅटरीच्या अगदी जवळ, फ्यूज आहे का तेही त्याच वेळी. हजार वॉटला बारा व्होल्टवर नव्वद-शंभर अँपिअर वाहतात, आणि बिनफ्यूजची केबल घासून शॉर्ट झाली तर ती विझवायला वेळ मिळत नाही.

हे सगळं करूनही अलार्म वाजत राहिला तर मात्र तो बदला. मागच्या बाजूला बनवल्याची तारीख असते. बहुतेकांचं आयुष्य पाच ते सात वर्षं, आणि जुन्या गाडीत ते आधीच उलटून गेलेलं असू शकतं. टेस्टचं बटण दाबल्यावर वाजतो म्हणजे भोंगा आणि सर्किट ठीक, सेन्सरबद्दल त्यातून काही कळत नाही. नवा अलार्म जमिनीपासून फूटभराच्या आत, शेगडीच्या बाजूला पण बॅटरीच्या कप्प्यापासून लांब बसवा, त्याला स्वतःच्या फ्यूजची वेगळी वायर द्या, आणि बसवल्याची तारीख मार्करनं त्याच्या तोंडावरच लिहा.